गिअरची गाडी

सुबोध सिंगापूरहून कायमचा झाशीला परत आला, आणि आल्या आल्या त्याने काय करावं? नीरजाला फोन लावला.

"नीरजा, स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणतोय. कानपूर रोडच्या ऑफिसला रोज जायला हवी, आणि रविवारी ओरछाच्या रस्त्यावर जरा मजाही करता आली पाहिजे. दोन गाड्यांवर येऊन अडलोय. तुला गाड्यांतलं कळतं. तूच सांग."

निर्लज्जपणाला काही सीमा? जणू मधली अठरा वर्षं झालीच नव्हती! नीरजाने फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे एकदा बघून घेतलं, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "सांगते की. रविवारी घरी येते. आत्यालाही बऱ्याच दिवसांत भेटले नाही."

सुबोध तिचा आत्येभाऊ. नीरजा विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासायची. मोठ गावी ट्रक उलटला, गरौठ्याला ट्रॅक्टरवर जीप आदळली की हिला बोलावणं. झाशीतल्या मराठी घरांत कुणाला गाडी घ्यायची असली की सल्ला नीरजाचा. पण तिच्या गाडीत बसायची वेळ आली की एकेकाला कामं आठवायची. "नको गं बेटी, ई-रिक्शा आहे ना!" तोंडावर हसायचे आणि पाठीमागे म्हणायचे, हिच्या शेजारी बसायचं म्हणजे आधी मृत्युपत्र करून ठेवायचं. तिचे स्वतःचे बाबासुद्धा कधी तिच्या गाडीत बसले नाहीत. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात गेले तेही भाड्याच्या गाडीने. गाडी दारात उभी, मुलगी किल्ली घेऊन उभी, आणि बाप मान खाली घालून दुसऱ्याच्या गाडीत चढला. नीरजा ते विसरली नव्हती.

आणि हे सगळं कुणामुळे? तर ह्या सुबोधमुळे.

तेव्हा ती विशीची. लायसन्स नुकतंच हातात आलेलं, बाबांची पांढरी गाडी घेऊन दोघं बबीना रोडला निघाली. छावणी मागे पडल्यावर सुबोधने हट्ट धरला, मला दे, मला दे. त्याला गाडी धड येत नव्हती, पण सांगणार कोण? फौजेतल्या अफसरीसाठी निवड झाली होती ना साहेबांची, नुसतं मेडिकल राहिलं होतं! एका वळणावर सायकलवरचा दूधवाला समोर आला आणि ह्याने ब्रेकऐवजी क्लच दाबला. दूधवाल्याचा पाय मोडला, गाडी कडुनिंबावर बसली, नीरजाचं डोकं काचेवर आपटलं. शुद्ध आली तेव्हा ती इस्पितळात होती आणि सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं की गाडी नीरजा चालवत होती. लोक जमायच्या आत पठ्ठ्याने तिला ओढून स्टिअरिंगमागे बसवलं होतं. ती ओरडून सांगत राहिली, मी नव्हते, मी नव्हते. डोक्याला मार लागलाय, बरळतेय, म्हणाले. केस तिच्या नावावर झाली. ठरत आलेलं लग्न मोडलं. बाबांनी गाडी विकून टाकली. आणि सुबोध? मेडिकलला डोळ्यांवरून बाद झाला, सिंगापूरला गेला, आणि दर सुट्टीत येऊन चारचौघांत सांगायचा, "मी चालवत असतो ना, तर असं झालंच नसतं."

हे वाक्य नीरजाच्या काळजात रुतून बसलं होतं. तिला एवढंच हवं होतं, सगळ्यांसमोर त्याने एकदा तोंड उघडावं आणि खरं सांगावं. तिच्या नावावरचा तो डाग ज्याने लावला त्यानेच पुसावा.

रविवारी लीलाआत्याकडे बैठक भरली होती. मराठी मंडळाचे आबासाहेब, शेजारचे दोघं-तिघं, चकल्या, चहा. सुबोधने मोबाइलवर दोन्ही गाड्या दाखवल्या. एक लाल जर्मन, ऑटोमॅटिक, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. दुसरी निळी जपानी, लहानशी, दोनच माणसांची, छत उघडणारी, गिअरची. सुबोधचा सगळा जीव लालमध्ये, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

नीरजाने चहा संपवला आणि सुरुवात केली. खोटं एक अक्षर बोलली नाही, हे तिचं तिलाच नंतर नवल वाटलं.

"लाल गाडी रविवारची आहे. सोमवारी सिपरी बाजारातल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर पुढच्या बंपरचा ओठ सोलून निघेल. पावसाळ्यात तर घराबाहेर काढूच नकोस. तिची ताकद वापरायला इथे रस्ता कुठेय? नुसतं गुरगुरत ट्रॅफिकमध्ये उभं राहायचं. निळी हलकी आहे, थोडी उंच आहे, खड्डे सोसते. रोज ऑफिसला ने. आणि रविवारी बेतवाच्या बाजूला वळणावळणांचा रस्ता लागला की दुसरा गिअर, तिसरा गिअर, परत दुसरा... मजा त्यात आहे. ऑटोमॅटिक काय, पाय ठेवला की पळते. चालवणाऱ्याचं त्यात काय आहे?"

"बरोबर!" आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "गाडी म्हणजे गिअरचीच. हमारे जमाने में..."

सुबोधचा चेहरा बघण्यासारखा झाला. "नाही, पण रोज क्लच दाबून पाय..."

"अरे, तुला काय कठीण?" नीरजा सगळ्यांकडे बघून हसली. "तू तर पक्का ड्रायव्हर. त्या दिवशी तू चालवत असतास तर झालंच नसतं ना तसं?"

बस्स. आता बोल की, लेका! सिंगापुरात त्याने सगळी वर्षं ऑटोमॅटिक चालवली होती. क्लचवर पाय ठेवायची त्या कडुनिंबानंतर त्याची छातीच झाली नव्हती. नीरजाला हे नेमकं ठाऊक होतं. गिअरची गाडी येत नाही म्हणावं, तर त्या दिवशीचं सोंग उघडं पडतं. येते म्हणावं, तर घ्यावी लागते. त्याने दोन चकल्या खाल्ल्या, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "निळीच घेऊ."

लीलाआत्या मात्र नीरजाकडे एकटक बघत होती.

आता इथली एक रीत सांगायला हवी. झाशीच्या जुन्या मराठी घरांत दसऱ्याला नवं वाहन गणपतीसमोर न्यायचं, आणि न्यायचं ते मालकाने स्वतः. घोड्यांच्या दिवसांपासूनचं आहे हे. घोड्याचा लगाम नोकराच्या हातात देऊन जो देवापुढे येतो त्याचा घोडा त्याला फळत नाही, असं म्हणायचे. घोडे गेले, स्कूटर आल्या, मोटारी आल्या, रीत तशीच राहिली. मालकाने चालवायचं, शेजारी आईने बसायचं, देवळासमोरचा चढ चढून वर ठेवलेल्या लिंबांवरून चाकं न्यायची. ड्रायव्हर चालत नाही, शोरूमचा माणूस चालत नाही. सुबोध परदेशात राहून ही रीत विसरला होता. नीरजा विसरली नव्हती, आणि तो चढही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सुबोध तिच्या दारात उभा. गाडी सकाळीच दिल्लीहून ट्रकवर लादून आली होती आणि घराबाहेर झाकून ठेवली होती.

"नीरजा, छावणीतले रस्ते रिकामे असतात. जरा चल ना माझ्याबरोबर. हात मोकळा करायचाय."

"हात का पाय?"

तो ओशाळला. "बरं, पाय. शिकव मला. तेवढं चढावर उचलायचं शिकव."

"मी?" नीरजाने छातीवर हात ठेवला. "अरे देवा! मला कुठे येते गाडी? मी तर झाडावर घालते."

"जुनं काय उकरतेस? पोरवय होतं आपलं."

"आपलं नाही, तुझं. माझं तर तिथेच संपलं." तिचा आवाज चढला. "ऐक, सोपं आहे. उद्या देवळात गाडीत बसायच्या आधी आबासाहेबांना आणि सगळ्यांना सांग, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. एवढं वचन दे, आत्ता चप्पल घालते. संध्याकाळपर्यंत तुला असं शिकवीन की दिल्लीवाले बघत राहतील."

सुबोधने खिशातली किल्ली काढली, परत ठेवली. क्षणभर तिला वाटलं, हा हो म्हणेल. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. मग तो म्हणाला, "एवढा चढ काय, चढेल की," आणि निघून गेला. नीरजाने दार लावून घेतलं. मर मग, म्हणाली.

दसऱ्याला देवळासमोर ही गर्दी! मराठी घरं झाडून सगळी, वर मोहल्ल्यातले लोक, विडे, आपट्याची पानं, झेंडूची तोरणं. निळी गाडी चढाच्या पायथ्याशी आली तेव्हा सगळे ओह्-आह् करू लागले. सपाट रस्त्यावर तो कशीबशी घेऊन आला होता, पहिल्याच गिअरमध्ये, इंजिन रडवत. शेजारी लीलाआत्या नऊवारीत, त्या बुटक्या सीटमध्ये बुडालेली, मांडीवर नारळ.

चढाच्या मध्यावर एक गाय आडवी आली. थांबावं लागलं. झालं!

गाडी बंद पडली. चालू केली, एक झटका खाल्ला, बंद पडली. परत चालू केली, हातभर मागे घरंगळली, मागचे लोक किंचाळत पांगले. "भैया, क्लच धीरे छोड़ो!" कुणीतरी ओरडलं. "हँडब्रेक, हँडब्रेक!" दुसरा. आत्याच्या मांडीवरचा नारळ पायाशी पडला. चौथ्यांदा गाडी उडी मारून पुढे गेली, गुरुजींचा पूजेचा पाट उडाला, गाय पळाली, आणि इंजिन पुन्हा गप्प. लोक हसायला लागले. आबासाहेबसुद्धा तोंडावर उपरणं धरून हसत होते.

सुबोध दार आपटून बाहेर आला. घामाने निथळत होता. आणि काय म्हणाला? नाचता येईना अंगण वाकडं! "गाडीच खराब आहे! हिनेच गळ्यात बांधली माझ्या! विचारा हिला!" आणि बोट नीरजाकडे. दुसऱ्यांदा. त्याच माणसाने, त्याच थाटात.

नीरजाच्या डोक्यात तिडीक गेली. पण ती ओरडली नाही. गर्दीतून पुढे झाली, चालकाच्या जागी बसली आणि दार लावलं.

"आत्या, उतरू नकोस."

तिने गाडी चालू केली. इंजिन एकसारखं घुमलं, गाडी लोण्यासारखी वर गेली, चारी लिंबं चिरडली आणि गणपतीसमोर थांबली. लोक बघतच राहिले. गुरुजींनी हातातल्या अक्षता तशाच धरून ठेवल्या.

छत उघडंच होतं. नीरजा सीटवरून मागे वळली. "सुबोध, आता सगळ्यांना सांग. गाडी खराब आहे का चालवणारा? आणि बबीना रोडला कोण चालवत होतं?"

सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पळायला जागा नव्हती.

"मी," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "मीच चालवत होतो. नीरजा नव्हती."

अहाहा! हाच तो शब्द! ह्याच एका शब्दासाठी तिने इतकी वर्षं दात आवळून काढली होती. बायका कुजबुजू लागल्या. कुणीतरी "हाय राम" म्हणालं. नीरजाला वाटलं, आता आपण हसणार, किंवा रडणार, किंवा दोन्ही.

तेवढ्यात शेजारून आत्या हळूच म्हणाली, "झालं मनासारखं?"

"झालं."

"माझ्या लेकाचं नाक चारचौघांत कापलंस. कापायलाच हवं होतं, माझी ना नाही. पण मग पुरतंच ऐक. त्याने मला त्याच रात्री सांगितलं होतं."

नीरजाने वळून तिच्याकडे बघितलं.

"आणि मी दादाला सांगितलं. पाय धरले त्याचे. तुझ्या बाबांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"खोटं बोलतेस तू."

"देवासमोर बसलेय. दादा म्हणाला, सुबोधला बाप नाही, नीरजाला मी आहे. ती सोसेल." आत्या समोर गणपतीकडेच बघत होती. "मग त्याचं त्यालाच झेपलं नाही. तुझ्याकडे मान वर करून बघवत नव्हतं त्याला. मरेपर्यंत."

म्हणून बाप भाड्याच्या गाडीत चढला होता. भीतीने नव्हे. सगळं जग खोटं म्हणत असताना ती एकाच माणसासमोर रात्र-रात्र रडली होती, बाबा, तुम्ही तरी विश्वास ठेवा. आणि तो माणूस तिच्या डोक्यावरून हात फिरवत, सगळं माहीत असून, मूग गिळून बसला होता.

आबासाहेब हातात आपट्याची पानं घेऊन गाडीपाशी आले होते. त्यांचे डोळे भरले होते. "बेटी, आम्ही चुकलो तुझ्या बाबतीत. सोनं घे. आज तुझा बाप विद्याधर असता ना, तर केवढा सुखावला असता! बिचारा लोकांचे बोल सोसत गेला."

"गप्प बस आता," आत्या दातांतल्या दातांत पुटपुटली. "नीरजा, घराण्याची शपथ आहे तुला."

नीरजा गाडीतून उतरली. बाबांचं नाव तिच्या हातात होतं, आणि ते सांभाळायचं की नाही हे पहिल्यांदाच कुणी दुसरं ठरवणार नव्हतं.

"बाबांना माहीत होतं, आबासाहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. आत्यालाही आणि बाबांनाही. माझा बळी दोघांनी मिळून दिला."

"अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?" आत्या ओरडली.

"बाबा गेले, आत्या," नीरजा म्हणाली. "मी तर इथेच होते ना?"

तिने किल्ली आत्याच्या ओटीत टाकली आणि चढ उतरायला लागली.