काकडीच्या तारेवरचे पडवळ

"उद्यापासून या शेडमध्ये काकडी सोडून दुसरं काही दिसता कामा नये!" जयदीपसाहेबांनी फर्मावले. साहेब मूळचे नाशिकचे. आखातातल्या वफ्रातला हा मळा सुधारण्याचा चंगच बांधून ते व्यवस्थापक म्हणून आले होते.

ठिबकच्या नळ्या सांभाळणारा मुझफ्फर "जी सायब" म्हणाला खरा, पण त्याचा जीव कोपऱ्यातल्या पडवळात अडकला होता. श्रीवर्धनच्या परसात त्याची आई दरसाल पडवळ लावायची. आई गेली आणि परसात भावाची मोटार उभी राहिली. उरलेसुरले बी मुझफ्फरने इथे पेरले, त्यातले एकच उगवले. एक फळ लाल होईस्तोवर वेलावर राहिले, की पुढचे बी मिळणार होते.

जोडीदार बेनी फिलिपिन्सचा. तो हसला. "हमारे गाँव में स्पॅनिश सरकार बोला, सिर्फ तंबाखू लगाओ, सब हमको दो. मेरा दादा का दादा बोला, यस सर! फिर अच्छा-अच्छा पत्ता छप्पर में छुपाया."

मग काय! पडवळाचा वेल गुपचूप काकडीच्या तारेवर चढला. यथावकाश एक फळही धरले. पण मुझफ्फर पडला कोकणातला. फळ वाकडे होतेय म्हटल्यावर त्याला राहवेना. ते सरळ वाढावे म्हणून त्याने गावच्या रीतीने टोकाला सुतळीने दगड बांधला.

"पत्थर क्यूँ? पकडे जाएगा!" बेनी म्हणाला.

"टेढ़ा हुआ तो माँ क्या बोलेगी?"

पाहणीला आलेल्या जयदीपसाहेबांच्या कपाळावर नेमका तोच दगड बसला.

"हे काय?" साहेब टेंगूळ चोळत ओरडले.

"काकडीच हाय सायब. जरा जास्ती वाढली."

साहेबांनी वर पाहिले आणि त्यांचा चेहराच पालटला. "अहो, पडवळ! इथे आल्यापासून तोंडाला लागलं नाही. पण मालक येतायत, त्यांनी पाहिलं तर तुमची नोकरी जाईल!" असे म्हणत त्यांनी कात्री चालवलीसुद्धा.

"सायब, पिकू..." मुझफ्फर हात पुढे करेपर्यंत उशीर झाला होता. हिरवेगार, कोवळे फळ साहेबांच्या हातात लोंबत होते. मालकांना दिसू नये म्हणून बेनीला वेलही उपटावा लागला.

मालक काकड्या पाहून खूश होऊन गेले. मग मुझफ्फरने खोलीवर चण्याची डाळ आणि खोबरे घालून पडवळाची भाजी केली. कच्च्या बिया तिच्यातच शिजल्या. साहेब मांडी घालून जेवायला बसले.

"मुझफ्फरभाई, आता लपवाछपवी नको. त्या कोपऱ्यात दरवर्षी बिनधास्त पडवळ लावा. माझी परवानगी!"

बेनीने मान खाली घातली. मुझफ्फरला रडू येत होते. पण कपाळावर टेंगूळ घेऊन बोटे चाटणाऱ्या माणसावर रागावणार तरी कसे?

"अजून घ्या सायब," तो म्हणाला आणि पातेल्यात उरलेली भाजी त्याने साहेबांच्या ताटात वाढली.