तीन मिनिटांची मुलगी

चष्म्याच्या दुकानाचं शटर भर दुपारी खाली आलं, तेव्हा समोरचा न्हावी धावत विचारायला आला, घरात कोणाचं काही झालं का म्हणून. चष्मेवाल्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की बँड पुन्हा एकत्र येतोय. न्हाव्याने तितक्याच गंभीरपणे मान हलवली आणि तब्येतीला जपा म्हणाला.

बँड म्हणजे चौघं. हिरो गायचा, आणि केस काळे करून अजूनही हिरोच होता. विमा कंपनीतून निवृत्त झालेला साहेब गिटार वाजवायचा आणि गाणी लिहायचा. गोट्या ड्रम बडवायचा. चष्मेवाल्याकडे बेस गिटार, म्हणजे जी वाजायची थांबली तरच लोकांच्या लक्षात येते. त्यांच्या संगीताला पॉवरपॉप म्हणतात. गिटारी कडक, चाल गोड, मधेमधे टाळ्या, आणि प्रेमभंग कितीही मोठा असला तरी तीन मिनिटांत आटपायचा. गाण्यात मुलगी हवीच, आणि ती खिडकीत उभी हवी. विशीत त्यांनी एक रेकॉर्ड काढली. तिला कोणी विचारलं नाही आणि बँड मोडला. मग, जणू मोडायचीच वाट बघत बसले होते, तसे लोक त्या रेकॉर्डच्या प्रेमात पडले. आता टक्कल पडलेले, गुडघे धरून जिने चढणारे भक्त नवीन गाणी मागत होते. नवीन म्हणजे अगदी जुन्यासारखी.

चष्मेवाल्याचं मागणं एकच होतं. त्याने त्या काळी एक गाणं लिहिलं होतं, बायकोवर, ती बायको व्हायच्या आधी. जुन्या रेकॉर्डवर ते घेतलं नाही. तेव्हापासून तो ते आंघोळ करताना आणि काचा घासताना गुणगुणत आला होता, आणि बायकोला ते तोंडपाठ होतं. त्याच्या तिसऱ्या कडव्यात ती चष्म्याशिवाय घराबाहेर पडते, भलत्याच माणसाला हात करते आणि खऱ्याला ओळख न दाखवता पुढे निघून जाते. हे तसंच घडलं होतं, आणि ओळख न मिळालेला तो माणूस म्हणजे स्वतः चष्मेवाला.

निघताना बायको म्हणाली, “या खेपेला तरी मला त्या रेकॉर्डवर येऊ द्या. फोटोत तर तुम्ही मला नेहमी अर्धी कापता.”

रेकॉर्डिंग एका फर्निचरच्या दुकानाखालच्या तळघरात होतं. कुठलं गाणं घ्यायचं ते बँडमध्ये मतांवर ठरे. हिरो आणि साहेब कायम एकमेकांना धरून असत. गोट्या मात्र त्या दिवशी त्याला ड्रमसकट घरी जो सोडणार, त्याच्या बाजूने मत देई. चष्मेवाल्याकडे तेव्हा सायकल होती, त्यामुळे त्याची डाळ कधी शिजली नाही. या खेपेला तो मेहुण्याची व्हॅन मागून घेऊन आला होता.

गोट्या बाहेर जाऊन व्हॅनमध्ये डोकावला, सीट दाबून बघितली आणि परत येऊन म्हणाला, “गाणं चांगलं आहे. मला तर तेव्हाही आवडलं होतं.”

मतं दोनास दोन पडली. मग हिरोने मोठ्या मनाने तोडगा काढला. गाणं घेऊ, पण फार लांबलंय, एक कडवं उडवायचं.

“पहिलं उडवा,” चष्मेवाला म्हणाला.

“पहिल्यात खिडकी आहे,” साहेब म्हणाला.

“मग दुसरं.”

“दुसऱ्यात ती हसते. तिथे टाळ्या टाकायच्यात. तिसरं काढ की. चष्मा कशाला रे मधेच? गाण्यातल्या मुलीला नंबर नसतो.”

“अरे, पण ती ही आहे. तुमची वहिनी.”

“तेच तर सांगतोय आम्ही,” हिरो म्हणाला. “ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याची त्याची मुलगी दिसायला हवी. तिथे एकदम वहिनी आल्या तर माणूस उठून नमस्कार करेल.”

गोट्या हसला. चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठावं आणि व्हॅन घेऊन चालू पडावं, असं त्याला वाटलं. पण गाण्याखाली छापलेलं आपलं नाव त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. साठी तर उलटलीच होती, पुढची रेकॉर्ड कोणी पाहिलीय? “ठीक आहे,” तो म्हणाला, आणि म्हटल्या म्हटल्या त्याला स्वतःची लाज वाटली.

गाणं झकास झालं. खरी पंचाईत तीच झाली. हिरोचा आवाज वर पोचेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून पट्टी खाली उतरवली आणि त्याला परिपक्वता असं नाव दिलं. टाळ्या वाजवताना साहेबाचा खांदा आखडला. पण शेवटी चौघं एका माइकभोवती डोकी जुळवून ओरडले, तेव्हा चौघांनाही आपलं वय आठवेना, आणि चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

रेकॉर्ड हातात आली तेव्हा बायकोने ती दुकानातच लावली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसरं नीट ऐकू यावं म्हणून तिने हातातलं फडकं खाली ठेवलं, तर गिटार खणखणली आणि गाणं खलास.

“संपलं?”

“त्यात तीन मिनिटांचा नियम असतो,” तो म्हणाला.

“हो का,” ती म्हणाली, आणि फ्रेमा पुसायला लागली. तिने भांडावं म्हणून तो दोन दिवस तिच्या मागेपुढे करत राहिला, पण ती काही भांडली नाही.

भक्तांनी गाणं डोक्यावर घेतलं. एके सकाळी पोट सुटलेला एक गृहस्थ दुकानात आला आणि चष्मेवाल्याचा हात दोन्ही हातांत घेऊन रडायच्या बेतात उभा राहिला. ती आमच्याच गल्लीतली मुलगी हो, तंतोतंत तीच, असं पुन्हापुन्हा सांगत होता. मग डोळे पुसून त्याने विचारलं, “पण खरं सांगा, अशी कोणी होती का हो?”

चष्मेवाल्याने बायकोकडे बघितलं आणि तोंड उघडलं. पण उत्तर तिनेच दिलं.

“होती एक,” ती म्हणाली. “आमच्या दोघांच्या ओळखीतली. आता कुठे असते कोण जाणे.” मग तिने डोळे तपासायच्या मशीनसमोरचं स्टूल पुढे ओढलं. “बसा. हनुवटी इथे टेकवा आणि समोर बघा.”