भरलं घर

समोरच्या भय्याजीनं आपला कूलर दोन्ही हातांनी कवटाळून मालनबाईच्या घरात आणला आणि खिडकीपाशी ठेवला. डिसेंबरचा महिना होता, पण कूलर असलेला बरा, असं गल्लीचं मत पडलं. शेजारच्या ललिताबाईनं तोवर खाटेवर आपली नवी चादर अंथरली होती, खुर्च्या मांडल्या होत्या आणि मोनूच्या केसांना तेल लावून घट्ट वेण्याही घातल्या होत्या.

दिघोरीत पाहुणे पोरगी पाहायला येणार म्हटलं की गल्ली असंच घर भरते. ज्याच्याकडे जे आहे ते येतं, पाहुणे गेले की परत जातं. त्यात कोणाला लाज वाटत नाही. आज मात्र येणार होत्या बालसंगोपन योजनेच्या मॅडम, घरची परिस्थिती पाहायला. मागल्या वर्षी धानकापणीत विनोद ट्रॅक्टरखाली गेला. तेव्हापासून अश्वजित आणि मोनू ही त्याची दोन पोरं बायको रुचिता आणि आई मालनबाई यांच्या मजुरीवर वाढत होती. योजनेचे पैसे मंजूर झाले नाहीत, तर मोठ्या अश्वजितला बपेऱ्याला मामाकडे ठेवायचं ठरलं होतं.

रुचिताला हे सगळं कळत होतं. कळत होतं, एवढंच. आत काही हलत नव्हतं. कोणी बस म्हटलं की ती बसे, जेव म्हटलं की जेवे. कूलर आला तेव्हाही ती नुसती बाजूला सरकली.

मॅडम आल्या.

"जयभीम जी, या," मालनबाई म्हणाली. ललिताबाईच्या जांभळ्या साडीत ती ताठ बसली होती.

मॅडमनी घरभर नजर फिरवली आणि कागद काढले.

"घर चांगलं ठेवलंय तुम्ही."

"हो जी. कायची कमी नाही."

पाहुण्यासमोर याहून वेगळं काही म्हणतात, हे मालनबाईला ठाऊकच नव्हतं.

"उन्हाळ्यात कूलर चालतो का?"

"चालते ना जी. मस्त हवा देते."

दारात उभी ललिताबाई समाधानानं हसली. रुचिता मॅडमच्या पेनाकडे पाहत होती. 'आर्थिक परिस्थिती'पुढे मॅडमनी 'चांगली' असं लिहिलं. म्हणजे अश्वजित जाणार. बपेऱ्याच्या एसटीत खिडकीशी बसलेला तो तिला स्पष्ट दिसला.

"मॅडम, कूलर भय्याजीचा हाय."

आपलाच आवाज तिला परका वाटला.

"खुर्च्या ललिताबाईच्या. चादर बी त्यायचीच."

"काहून सांगतं वं?" ललिताबाई दारातून कुजबुजली.

मालनबाईची मान खाली गेली. सुनेनं गल्लीसमोर घर उघडं केलं होतं. मॅडमही अवघडल्या आणि खुर्चीवरून उठल्या.

"मी खालीच बसते. काही अंथरायला आहे?"

मालनबाईनं सुनेकडे एकदा पाहून घेतलं.

"सतरंजी हाय," ती शेवटी म्हणाली. "ते बी भय्याजीची. आन् माह्या आंगावरची साडी ललिताबाईची."

मॅडमनी 'चांगली'वर रेघ ओढली.

"मग आजी, यातलं तुमचं काय आहे?"

मालनबाईनं भिंतीवरच्या दोन फोटोंकडे बोट केलं.

"बाबासाहेब आन् विनोद. तेवढे आमचे."

रुचितानं वर पाहिलं. फोटो लावल्यापासून तिनं त्या भिंतीकडे पाहायचं टाळलं होतं. विनोदनं कोणाच्या तरी लग्नातला शर्ट घातला होता, कॉलर नेहमीसारखी एका बाजूनं वर आली होती. रुचिता मटकन खाली बसली आणि तो गेल्यापासून पहिल्यांदा रडली, मोठ्यानं, परक्या बाईसमोर. मॅडमचा हात थांबला. मोनू घाबरून आजीला बिलगली.

मालनबाईनं सुनेला गप्प केलं नाही.

"रडू द्या जी तिले," ती मॅडमना म्हणाली. "तुमी लिहा."