सरळ केलेला ड्राइव्ह

“वहिनी, आता तरी खरं सांगा. पुसलंत ना सगळं?”

दीर तिच्या मागेच उभा होता. तिने आणखी एक फ्लॉपी आत ढकलली. ड्राइव्ह घरघरला, अडखळला, आणि पडद्यावर तोच प्रश्न आला: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? तिने ‘नाही’ म्हटलं.

सासऱ्यांनी आपलं आयुष्य तिला सांगितलं होतं आणि तिने ते या जुन्या संगणकावर टाइप करून फ्लॉप्यांवर ठेवलं होतं. शेवटचं प्रकरण झालं की सगळं एकदम छापू, असा त्यांचा हट्ट. ते प्रकरण राहिलं आणि ते गेले. दुसरी प्रत नव्हती.

“तुम्ही मशीन दुरुस्तीला नेईपर्यंत फ्लॉप्या उघडत होत्या, भाऊजी.”

“वा! हमाली मी केली, आणि खडेही माझ्याच नावाने फोडा!”

मशीन जोडून द्यायला आलेला मेकॅनिक टेबलाखालून बाहेर आला. “ताई, या फ्लॉप्या याच ड्राइव्हवर लिहिलेल्या?”

“दुसरा होताच कुठे?”

“मग नाही वाचणार. याचं डोकं सरकलेलं होतं.”

“कुणाचं?” दीर गुरकावला.

“ड्राइव्हचं, साहेब. ज्याने तो लिहितो-वाचतो, ते.”

पहिलीतलं एखादं मूल रेघेवर न लिहिता दोन रेघांच्या मधल्या जागेत लिहितं. त्याचं त्याला बरोबर वाचता येतं. हा ड्राइव्हही इतकी वर्षं तसाच आडवाटेने लिहीत होता आणि आडवाटेनेच वाचत होता. आता त्याला रेघेवर आणलं होतं, आणि रेघेवर काहीच नव्हतं.

“मग सरळ केलंतच कशाला?” तिने विचारलं.

मेकॅनिकने दिराकडे पाहिलं. “मी फोन केला होता. म्हटलं, जुनं काही वाचायचं असेल तर हात लावत नाही. साहेब म्हणाले, काही नाही, करून टाका.”



“हो, म्हणालो!” दीर उसळला. “बाबा माझ्याबद्दल काय लिहून घेत होते ते कळत नाही मला? त्यांचे कान कोण भरत होतं तेही कळतं. ते छापून चार लोकांत वाटणार होतात तुम्ही!”

“म्हणून आंधळा केलात त्याला.”

“दुरुस्त केला!”

ती मेकॅनिककडे वळली. “पुन्हा होता तसा वाकडा करता येईल?”

“केसाएवढा फरक असतो, ताई. नेमकी तीच जागा सापडेल, असं नाही सांगता येत.” त्याने पक्कड पिशवीत टाकली आणि मान खाली घालून तो निघून गेला.

दीर मात्र गेला नाही. दाराकडे बघत त्याने विचारलं, “काय होतं माझ्याबद्दल?”

“अख्खं एक प्रकरण.”

“काय काय सुनावलं होतं मला?”

“टाइप करताना अंगाचा तिळपापड झाला होता माझ्या. तुमच्याबद्दल इतकं चांगलं मी तर मेले तरी लिहिलं नसतं.”

“खोटं बोलताय तुम्ही.”

“मग वाचा ना,” ती खुर्चीवरून उठली. “ड्राइव्ह दुरुस्त आहे.”

ती आत निघून गेली.

त्याने टेबलावरची एक फ्लॉपी उचलली. अंगठ्याने तिची पत्र्याची झडप सरकवली. आत तपकिरी, गुळगुळीत चकतीचा एक तुकडा दिसला. तो वाकून त्याकडे बघत राहिला. अंगठा निसटला आणि झडप खट्कन मिटली. त्याने ती पुन्हा सरकवली.