मोनॅकोत भाजीची ट्रॉली

हो, मी भाजीची ट्रॉली बोलतेय. चार चाकं, लाल चौकड्यांची पिशवी आणि एक दांडा. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून घ्या. मी मोनॅको पाहून आलेय!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते बिशानमधल्या आमच्या ब्लॉकखालचं दुकान. तिथल्या बादल्या-झाडूंच्या गर्दीतून सुलेखाबाईंनी मला उचललं. त्या पुण्याहून इथे परदेशात मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. मुलाने, प्रबोधने, काठी आणली, तर म्हणाल्या, "काठी धरली की म्हातारी झाले. ट्रॉली धरली की बाजाराला निघाले." तेव्हापासून टेक्का मार्केटची मेथी असो नाहीतर खालच्या दुकानातलं दूध, आमची जोडी ठरलेली. माझ्या दांड्यावर त्या किती भार टाकतात, ते फक्त मला माहीत.

यंदा प्रबोधने सगळ्यांना भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर नेलं. बाईंनी मला घडी घालून बॅगेत साड्यांखाली दडवलं. मोनॅकोच्या बंदराला बोट लागली तेव्हा बाहेर काढलं, आणि प्रबोधच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"आई, हे मोनॅको आहे! इथे भाजीची ट्रॉली? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? मला इथे ओळखतं कोण?"

"मी व्हीलचेअर मागवलीय, तिच्यात बस. आणि घरी गेल्यावर एकटीने बाजारात जाणंही बंद. भाजी ऑनलाइन येते."

बाईंचा चेहरा उतरला. बाजार म्हणजे त्यांचं घराबाहेरचं सगळं जग होतं. आवाज मात्र उतरला नाही. "खुर्चीत एकदा बसवलंस की मला उठवणार कोण? त्या वरच्या चौकापर्यंत चालून दाखवते. नाही जमलं, तर तुझी खुर्ची नि तुझी ऑनलाइन भाजी!"

"पप्पा, लेट हर ट्राय लाह," नात श्रिया आमच्या बिशानच्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली.

निघालो. एकीकडे बंगल्याएवढ्या बोटी, दुसरीकडे चकचकीत मोटारी आणि मधून आम्ही दोघी. माझं एक चाक करकरत होतं. करकरू दे! चढावर बाईंनी सगळा भार माझ्या दांड्यावर टाकला. मागून प्रबोध रिकामी खुर्ची ढकलत जवळ आल्याचं ऐकू आलं. मी चारही चाकं फरशीत घट्ट रोवली. क्षणभर दम खाऊन त्या मला म्हणाल्या, "चल गं, बाई माझी." आणि आम्ही चौकात पोचलो.

तिथे बाजार भरला होता, तोही भाजीचाच! टोमॅटो, जर्दाळू, हिरव्यागार जुड्या. तेवढ्यात गळ्यात मोत्यांची माळ घातलेली, ओठांना लाली लावलेली तिथलीच एक आजीबाई थेट माझ्यासारखी ट्रॉली ढकलत आली. प्रबोध हरखला. "वा! काय फोटो आहे!" म्हणत त्याने मोबाइल काढला, आणि मी मध्ये येऊ नये म्हणून मला पायाने बाजूला सारलं.

मग मात्र बाई कडाडल्या. "तिची ट्रॉली फोटोत, आणि तुझ्या आईची पायाने बाजूला? इथे माझी लाज कुणालाच वाटत नाहीये, प्रबोध. तुला एकट्याला वाटतेय."

प्रबोधचं तोंड एवढंसं झालं. त्याने वाकून मला हाताने परत आईजवळ आणून ठेवलं. त्या मोतीवालीमुळे मला मान मिळाला, असं मात्र कुणी समजू नका. मान माझा होताच. याला दिसत नव्हता, त्याला मी काय करू?

परतताना बाईंनी मनसोक्त खरेदी केली. माझी पिशवी भरल्यावर उरलेले जर्दाळू आणि टोमॅटो व्हीलचेअरवर ठेवले, आणि ती ढकलत आणली प्रबोधने. शेवटी भाजी ढकलायची पाळी त्याच्यावरच आली!

आता मी पुन्हा बिशानच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी आहे. पिशवी विटलीय, ते करकरणारं चाक जरा वाकलंय. आज सकाळी ऑफिसला निघताना प्रबोध माझ्यापाशी खाली बसला. म्हटलं, संपलं, आता कचऱ्यात. पण त्याने चाकात तेल घातलं. मग दांड्यावर स्वतःचा सगळा भार टाकून पाहिला. आई माझ्यावर किती टेकते, ते कळलं असावं त्याला.

"आई," त्याने आत हाक मारली, "बाजारातून येताना कोथिंबीर आण गं."

तेव्हा एवढंच सांगते. तुमच्याही घरात कुणी कशाचा तरी आधार धरून चालत असेल, तर लोकांच्या भीतीने तो काढून घेऊ नका. बास, आता वेळ नाही मला. लिफ्ट आलीय. सरका बघू, आम्हांला बाजाराला जायचंय!