पुंजाजीच्या गाडीचं इंजिन

मित्रांनो, लढाईसाठी घडवलेलं, पण लढाई कधीच न पाहिलेलं असं मी एक जुनं मोटारीचं इंजिन आहे. सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात माझं लोखंड ओतलं गेलं. लष्कराच्या एका लहान ट्रकात बसून मी जहाजातून या देशात उतरलो, तोवर महायुद्ध संपलं होतं. मग आमचा लिलाव झाला आणि वरूडचे संत्र्यांचे व्यापारी वामनराव यांनी मला ट्रकासकट घरी नेलं.

तिथे मला पुंजाजी भेटला. तो वामनरावांचा ड्रायव्हर होता. उंच, सडपातळ, कमी बोलणारा. सकाळी मला सुरू करण्याआधी तो माझ्या झाकणावर हात ठेवायचा आणि तेल-पाणी बघितल्याशिवाय कधीच हँडल मारायचा नाही. संत्र्याच्या हंगामात आम्ही बागांमधून पेट्या वाहायचो आणि हंगाम संपला की मेळघाटातून सागवान उतरवायचो. छप्पन साली पुंजाजी रजा काढून नागपूरला गेला आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. पांढरा सदरा घालून तो परतला, ते मला आठवतं. त्याआधी बाजाराच्या दिवशी तो कधीकधी दारूचा घोट घ्यायचा. दीक्षेत दारू न पिण्याचा शब्द दिल्यानंतर त्याने तिला शिवलं नाही. बाकीचे ड्रायव्हर चेष्टा करायचे, तेव्हा तो एवढंच म्हणायचा, "शब्द देल्ला हाय."

पुढे एका उन्हाळ्यात ट्रकाचे ब्रेक ढिले पडू लागले. पुंजाजीने वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "एवढ्या लाकडाच्या खेपा होऊ दे, मंग पाहू." पुंजाजीने पुन्हा सांगितलं. वामनरावांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

चिखलदऱ्याचा घाट उतरताना जे घडलं, त्याला मी साक्षी आहे. मागे सागाचे ओंडके रचलेले होते. एका वळणाच्या आधी पुंजाजीने ब्रेक दाबला आणि पाय तसाच खाली गेला. त्याने गिअर उतरवला. मी ओरडलो, पण गाडीला थोडं धरून ठेवलं. पुढे रस्त्यात एक बैलगाडी होती आणि तिच्यात एक बाई पोरांना घेऊन बसली होती. पुंजाजीने सगळा जोर लावून मला पहिल्या गिअरमध्ये कोंबलं. माझ्या पाठीला जोडलेल्या गिअरच्या पेटीत दाते कडाकड तुटले. त्याच क्षणी त्याने गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या अंगाला घातली. खडकाला घासत घासत ट्रक थांबला. बैलगाडी वाचली. पण मागचे ओंडके सुटून पुढे आले आणि त्यांनी पुंजाजीची बैठक चिरडली.

मित्रांनो, तो तिथेच गेला. माझं तोंड बंद पडलं होतं. बैलगाडीतली माणसं घाबरून जंगलातल्या आपल्या गावी निघून गेली आणि त्यांना कुणी शोधलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वामनराव आले. ब्रेकविषयी त्यांनी एक शब्दही काढला नाही. चारचौघांसमोर ते म्हणाले, "पुंजाजी पिऊन होता. डोळा लागला असंन त्याचा." मालकाचा शब्द तो. वाऱ्यासारखा गावोगावी गेला.

ट्रकाची चाकं फिरेनात, म्हणून मला गिअरच्या पेटीसकट जागेवरच सोडवून बैलगाडीतून खाली आणलं. बाकीचा सांगाडा भंगारात गेला. माणूस खाल्लेलं इंजिन म्हणून मला मात्र कुणी घेईना. शेवटी वामनरावांनी मला पुंजाजीच्या बायकोकडे पाठवून दिलं आणि आपलं देणंघेणं संपलं असं ते समजले.

पुंजाजीची बायको सुंदराबाई मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यात राहायची. दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जायची. मला अंगणाच्या कोपऱ्यात उतरवलं, तेव्हा ती दारात उभी होती. जवळ आली नाही. पुढची काही वर्षं मी त्याच कोपऱ्यात पडून राहिलो. माझ्या आडोशाला कोंबड्या अंडी घालायच्या. पावसाळ्यात माझ्यावर गंज चढायचा. फक्त एकदा वादळ आलं, तेव्हा तिने घरातलं फाटकं पोतं आणून माझ्यावर टाकलं आणि वर दगड ठेवला. का टाकलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सुंदराबाईचा धाकटा भाऊ देवमन मूर्तिजापूरच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होता. स्वतःची मोटार जुळवायची, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्याने लष्करी भंगारातून माझ्याच जातीच्या गाडीची रिकामी चौकट मिळवली. चाकं एकीकडची, रेडिएटर दुसरीकडचा. सुताराकडून सागाचे खांब आणि वर पत्र्याचं छप्पर करून घेतलं. स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांना आसपासच्या खेड्यांत पोचवायला अशी गाडी हवी होती. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाड्या रुतायच्या आणि आजारी माणसं वाटेतच अडकायची. गाडी सगळी झाली. फक्त इंजिन नव्हतं.

एके सकाळी तो बहिणीच्या अंगणात येऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "बाई, हे मले दे."

सुंदराबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिचे हात थांबले. "दुसरं पाह्य."

"दुसरं भेटत नाई. अन् हे काहून नको? अपशकुन-गिपशकुन आपण सोडलं ना."

"सोडलं," ती म्हणाली. "पण ह्या इंजिनाकडं पाह्यलं का लोकाईचं बोलणं आठवते मले. त्यानं शब्द देल्ला होता, अन् तो मोडून मेला म्हणतात. ते कसं सोडू?"

देवमनने माझ्यावरचा गंज बोटाने खरवडला. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "ने. अंगणातून तरी जाईन ते." आणि ती पाणी आणायला निघून गेली.

मला उचलायला देवमनने कापसाच्या जिनिंगमधून साखळीची कप्पी आणली. तिच्यासोबत जिनिंगचे म्हातारे नत्थुजीही आले. अंगणात तीन लांब लाकडी बल्ल्या उभ्या करून त्यांची टोकं एकत्र बांधली आणि मधोमध कप्पी टांगली. पण माझ्या अंगाला साखळी गुंडाळायची वेळ आली, तसे नत्थुजी मागे सरले.

"देवमन, ह्या इंजिनानं माणूस खाल्ला हाय. मी हात नाई लावत."

"नका लावू. नुस्ती बल्ली धरा."

त्यांनी बल्ली धरली. देवमनने कप्पीची साखळी ओढायला सुरुवात केली. करकर आवाज होत मी कितीतरी वर्षांनी जमिनीपासून सुटलो. माझ्याखालची ओली माती आणि गोगलगाई उघड्यावर पडल्या. वजनाने एक बल्ली सरकली, मी झोका खाल्ला आणि देवमन बाजूला उडाला. तरी नत्थुजींनी बल्ली सोडली नाही. मी स्थिर झालो, तसं देवमनने मला फळ्यांवर उतरवलं आणि गिअरचा दांडा हलवून पाहिला. तो हलेना.

त्याने गिअरच्या पेटीचं झाकण उघडलं. आत वाकून बराच वेळ बघत राहिला. मग चिंधीने तेल पुसलं आणि पुन्हा बघितलं. तेवढ्यात सुंदराबाई डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन आली.

"बाई, अथी ये," तो म्हणाला. त्याचा आवाज बदललेला होता. "हा पहिला गिअर. गाडी ह्याच्यातच अडकून हाय. अन् हे दाते पाह्य."

"मले काय समजते त्यातलं?"

"सांगतो ना. पहिला गिअर गाडी हळू चालवाले असते. जोरात पयत्या गाडीत कोणी तो टाकत नाई, दाते तुटतात. बिरेक गेल्यावर, गाडी कशीबी थांबवाची म्हणून माणूस असा गिअर कोंबते. भाऊजीनं आंगातला सारा जोर लावला हाय इथं." तो थोडा थांबला. "डोळा लागलेल्या माणसाचं काम नोहे हे, बाई. पिलेल्याचंबी नोहे."

सुंदराबाईने गुंड खाली ठेवला. ती माझ्याजवळ आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिने त्या तुटक्या दात्यांवरून बोट फिरवलं. बोटाला जुनं काळं तेल लागलं. ती रडली नाही. तिथेच मातीत बसली आणि म्हणाली, "जागा होता तो."

नत्थुजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

देवमनने तो तुटका गिअर काढून बहिणीला दिला आणि अकोल्याच्या भंगार बाजारातून दुसरा आणून बसवला. त्याने माझे सिलिंडर घासले, गंज काढला, वायसर बदलले. मग मला चौकटीत बसवायचा दिवस आला. या वेळी कप्पीची साखळी सुंदराबाईने हातात घेतली. नत्थुजींनी आपणहून माझ्या अंगाला हात लावून मला तिरकं धरलं, कारण माझी पाठ आधी आत जायला हवी होती. देवमन गाडीखाली पडून सांगत होता, "सोड. अजून सोड. थांब." ती एकेक कडी सोडत होती. एकदा माझा पाय चौकटीला अडला आणि सगळं पुन्हा वर घ्यावं लागलं. तिच्या तळहाताची साल निघाली. देवमन म्हणाला, "दे माझ्याजवळ." ती म्हणाली, "तू खालचं पाह्य." अखेर मी जुन्या टायरच्या रबरी तुकड्यांवर टेकलो आणि बोल्ट आपापल्या भोकांत गेले.

हँडल मारून मारून देवमनचा खांदा भरून आला, तेव्हा कुठे मी खोकलो, धूर ओकला आणि सुरू झालो.

पहिलीच खेप सुंदराबाईने वरूडला न्यायला लावली. संत्री बांधायचा हंगाम होता. वामनराव आपल्या शेडसमोर खुर्ची टाकून बसले होते आणि आत बायका पेट्या भरत होत्या. मी समोर येऊन उभा राहिलो. सुंदराबाईने उतरून पदरातला तुटका गिअर त्यांच्यासमोर ठेवला.

"वामनरावजी, बिरेक गेल्यावर तो गाडी थांबवून राहिला होता. हे त्यात तुटलेले दाते. तुमी चारचौघांत बोलला होता, चारचौघांतच शब्द मांगं घ्या."

वामनरावांनी त्या लोखंडाकडे पाहिलं. "गेल्या गोष्टी काहून उकरून काढतेस, सुंदराबाई? तवा बिरेक गेल्ते का नाई, कोणाले माहीत?"

शेडमधल्या बायकांचे हात थांबले. त्यांतली एक म्हातारी उठून उभी राहिली. मैना तिचं नाव. ती त्या शेडमध्ये जन्मभर पेट्या भरत आली होती. ती म्हणाली, "मले माहीत हाय. पुंजाजीनं बिरेकाचं दोनदा सांगतलं तुमाले. मी इथंच रिकाम्या पेट्या रचून राह्यली होती. पोट ह्याच शेडवर होतं, म्हणून बोलली नाई."

वामनराव उठले आणि आत गेले. शब्द त्यांनी मागे घेतला नाही. पण बायकांनी ऐकलं होतं, हमालांनी ऐकलं होतं. सुंदराबाईने मैनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत येऊन बसली. वरूड मागे पडल्यावर ती रडू लागली. देवमनने गाडी बाजूला घेतली, मला बंद केलं आणि तिला रडू दिलं.

आता माझ्या नळ्या गळतात, चढावर दम लागतो. तरी देवमन मला पुसून ठेवतो. मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. आम्ही कुरकुरतो, ढिले पडतो, तापतो, एवढंच. ते ज्याच्या हाताला आधी कळतं, तो माणूस "हे दुरुस्त करा" म्हणून सांगायला आला, तर "मग पाहू" म्हणू नका. आणि तुम्हाला खरं माहीत असेल, तर ते त्याच दिवशी बोला. मैना बोलली, पण तोवर सुंदराबाईने खाली मान घालून कितीतरी वर्षं काढली होती.