सावली अजून आखडतेय

सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचं सगळं जग एका खिडकीपाशी येऊन थांबलं. उजवा हात कामातून गेला होता. पण दुपारी जेवणानंतर खुर्ची खिडकीला लावली, त्या हातावर ऊन आलं, की बोटं जरा सैल व्हायची. चेहराही.

नेमकी त्याच खिडकीसमोर, दक्षिणेला गल्लीपलीकडे, इमारत उभी राहायला लागली.

"थंडीत सूर्य खाली उतरतो. तेव्हा इथे अंधारच," माझा नवरा म्हणाला. त्याने गावाबाहेर एक घर बघून ठेवलं होतं. घरमालकाला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. माझं शिवणकाम इथलं, गिऱ्हाइकं इथली. पण सासूबाईंपुढे तो विषय काढायला माझी जीभ रेटेना.

सासूबाईंनीच तो काढला. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. आता एकेक शब्द ओढून काढावा लागायचा.

"मोज... ना. इमारत... सूर्य. आज... दिवस-रात्र... सारखी."

त्यांनी सांगितलं तसं मी केलं. कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या सरळ कडेला सरबताची नळी चिकटवली, मधोमध दोरा बांधला, दोऱ्याला शिवणयंत्राचा एक नट लटकवला. आधी त्यांच्या खुर्चीत बसून नळीतून समोरची इमारत पाहिली. स्लॅब पडला होता, फक्त कठडा बांधायचा राहिला होता. नवऱ्याने खालून हाक मारून मुकादमाला विचारलं, "कठडा केवढा येणार हो?"

"एवढा!" मुकादम कडेला उभा राहून कमरेवर हात ठेवत ओरडला. "त्यावर काही नाही, टाकी मागे आहे!"

मी त्याच्या कमरेवर नळी रोखली. दोऱ्याचा आकडा नव्वदातून वजा केला. शेहेचाळीस अंश.

आता सूर्य. अंगणात आलो. सूर्याकडे बघायचं नाही, नळीतून उन्हाचा ठिपका तळहातावर पडला की दोरा वाचायचा, अशी सक्त ताकीद होती. शेजारी कुंडीत एक पट्टी उभी रोवली होती आणि तिच्या सावलीच्या टोकाशी मी अधूनमधून खडूची रेघ मारत होते. बारा वाजले. ठिपका पडला. नवऱ्याने दोरा वाचून आकडा नव्वदातून वजा केला.

"अडुसष्ट. त्यातून साडेतेवीस गेले..." त्याने बोटांवर हिशेब केला. सर्वांत लहान दिवशी सूर्य आजच्यापेक्षा तेवढाच खाली असतो, हे सासूबाईंनी आम्हाला सकाळीच घोकायला लावलं होतं. "साडेचव्वेचाळीस. इमारत शेहेचाळीस. म्हणजे सूर्य कठड्यामागेच. संपलं."

त्याने खिशातून फोन काढला. माझ्या हातातला दोरा उगाच डुलत राहिला.

एवढ्यात खिडकीच्या गजावर टकटक झाली. सासूबाई डाव्या हाताने चमचा आपटत होत्या.

"फोन... ठेव! सावली... अजून... आखडतेय!"

"आई, बारा वाजून गेले," तो म्हणाला.

"घड्याळ... सगळ्या देशाचं. सूर्य... आपल्यापुरता." दम घेऊन त्या म्हणाल्या, "नापास... करीन."

मला हसू फुटलं. आम्ही थांबलो. खरंच सावली प्रत्येक रेघेच्या आत सरकत होती, म्हणजे सूर्य अजून वर चढत होता. पाऊणएक तासाने ती एका जागी रेंगाळली आणि मग पुन्हा लांबायला लागणार, असं वाटलं तेवढ्यात मी नळी रोखली.

"किती?" मी विचारलं.

नवरा दोऱ्याशी नाक लावून वाकला. "एकाहत्तर," तो म्हणाला. मग मोठ्याने, "एकाहत्तर! साडेसत्तेचाळीस उरतात. आई, ऊन येतंय! अगदी कडाक्याच्या थंडीतही येतंय!"

"जेवण... झाल्यावर," सासूबाई म्हणाल्या, "तासभर... तरी." आणि मान मागे टेकवून त्यांनी डोळे मिटले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचे खांदे असे खाली आलेले मी पाहिले. त्यांनाही हे घर सोडायचं नव्हतं तर. बोलल्या नव्हत्या, एवढंच.

नवऱ्याने फोन लावला. "नाही, आम्ही येत नाही," तो म्हणाला. पलीकडून कारण विचारलं असावं. "काही नाही हो. इथे ऊन चांगलं आहे."

मी कुंडीच्या काठावर मटकन बसले. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता, हे तेव्हा कुठे आठवलं.